टिपरेरीत कार्तिकात बर्फ पडत नाही

तीर्थरूप नाना,

सर्वप्रथम तक्रार. ती रीतसर, लेखी आणि पूर्ण गांभीर्याने करतो आहे, कारण तोंडी केलेल्या माझ्या एकाही तक्रारीची आपण हयातीत दखल घेतली नाहीत. काही वर्षांपूर्वी दिवाळीत आपण माझी लाल-निळी पेन्सिल मागून नेलीत. पेपर तपासायची, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. "दोन दिवसांत देतो," म्हणालात. ती आज सकाळी सापडली, तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात. लाल बाजू लाकडापर्यंत झिजून संपलेली. निळी बाजू जशीच्या तशी, तिला टोकसुद्धा काढलेलं नाही! दुसऱ्याची पेन्सिल अर्धीच वापरणाऱ्याला काय प्रायश्चित्त असतं? धुळ्याच्या पाठशाळेत मी सात वर्षं काढली, पण हा विषय कधी निघाला नाही.

पण आज लिहायला बसलो त्याचं कारण पेन्सिल नाही.

उद्या अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. तुम्ही गेल्यानंतरची पहिली, म्हणून घरात तुमच्या नावाची नवी घागर भरायची. अक्काने ती परवा बाजारातून आणली, बोटाने वाजवून वाजवून, कुंभाराचा जीव नकोसा करून. वर ठेवायला खरबूज आणलं आहे. सांजोऱ्या तळून झाल्या. आपली बहीण देवाशीही हिशेबाने बोलत नाही, तर तुमच्याशी काय बोलणार? मला म्हणाली, "सकाय नाना पानी पेवाले यी. तुले जे सांगनं शे ते सांगी टाक."

मला जे सांगायचं आहे ते घागरीपुढे उभं राहून मोठ्याने सांगता येणार नाही. शेजारी पमी उभी असेल. हो नाना, पमी आली आहे! तुमची लेक नऊ वर्षांनी आखाजीला घरी आली आहे. आत्ता दुपारची अक्का आणि ती आतल्या खोलीत आडव्या झाल्या आहेत, आणि मी शिंदखेड्याच्या या घराच्या मागच्या खोलीत, तुमच्या भिंतीसमोर बसून लिहितो आहे. उद्या घडी करून घागरीखाली ठेवीन. ओल येऊन शाई पसरली तर पसरली. तेवढ्याच तुम्हाला माझ्या चुका कमी दिसतील.

ही भिंत! वहिनी गेल्यापासून या खोलीत तुम्ही कोणाला झाडूही मारू दिला नाहीत. पमी नर्स होऊन आयर्लंडला गेली तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि भूगोल शिकवायला समोर कोणी उरलं नव्हतं. मग तुम्ही भिंतीलाच शिकवायला घेतलंत. आधी कोळशाने आयर्लंडचा सगळा किनारा काढलात. मग एकेक काउंटी. तुम्ही 'परगणा' म्हणायचात. बत्तीस परगणे, त्यांतले सव्वीस स्वतंत्र देशात आणि उत्तरेचे सहा अजून इंग्रजांच्या राज्यात. सुरतेच्या पलीकडे कधी न गेलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगायचा, "बाळू, कॉर्क म्हणजे आपलं धुळं. राजधानी दुसरीकडे आहे हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही." मेयो म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा, दगड भरपूर आणि माणसं कामाला बाहेर. आणि टिपरेरी? "टिपरेरी म्हणजे रावेर-यावल! तसलीच काळी कसदार जमीन. केळीच्या जागी गाई समज." लिमरिक जंक्शन नावाचं स्टेशन लिमरिकमध्ये नसून टिपरेरीत आहे, हे कळलं त्या दिवशी तुम्ही मला शाळेत फोन केलात. मी वर्गात होतो. "अरे, म्हणजे भुसावळ जंक्शन बोदवडात!" आणि हसता हसता तुम्हाला ठसका लागला.

पमीची नोकरी टिपरेरीतच लागली, हा तुमच्या लेखी दैवी संकेत होता.

आठवतं का, तो न्हावी? तुमची अर्धी दाढी झाली होती, आणि त्याने सहज विचारलं, "गुरजी, तुमनी पमी इंग्लंडले शे ना?" तुम्ही तसेच उठलात. गालाला फेस, गळ्यात टॉवेल. तुम्ही चिडलात की प्रमाण मराठीत जायचात. "इंग्लंड? त्या इंग्रजांनी आठशे वर्षं ज्यांना तुडवलं त्यांचा देश आहे तो! पुन्हा इंग्लंड म्हणालास तर उरलेली दाढी धुळ्याला करून घेईन." तो बिचारा म्हणाला, "नई म्हनाव गुरजी, तुम्ही बठा."

तर कोळशाने परगणे झाले. आणि मग लाल पेन्सिल आली. माझी.

जिथे रक्त सांडलं तिथे एक लाल ठिपका, असा तुमचा नियम. निळ्याने नद्या काढायच्या होत्या, पण नद्यांची पाळी येईना. एकट्या टिपरेरीत किती ठिपके आहेत ते आत्ता जवळून पाहतो आहे. कॅशेलच्या खडकावर एक. तिथल्या देवळात आसरा घेतलेल्या लोकांना कापून काढलं, बाया, म्हातारे, पुजारी, कोणी सोडले नाहीत, प्रेतांवर पाय दिल्याशिवाय आत चालता येत नव्हतं. आणि कापणाऱ्या फौजेचा सरदार त्याच मातीतला! क्लॉनमेलला दुसरा. तिथे तट फोडून शत्रू आत धावला, तर आतल्यांनी दोन्हीकडून भिंती रचून सापळा केलेला. पुढच्यांना मागे फिरता येईना, मागचे पुढे ढकलतच होते, आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या, विळे, दगड. तिसरा ठिपका एका दगडाच्या खाणीपाशी. खाणीसाठी सुरुंगाची दारू पोचवणारे दोन शिपाई तिथे रस्त्यावर गोळ्या घालून मारले. मरणारे आयरिश, मारणारेही आयरिश. तुम्ही हे सगळं इतक्या चवीने सांगायचात की अक्का ओरडायची, "नाना, जेवाना टाइमले नको रे भाऊ!"

तुमची कळी सगळ्यात जास्त कधी खुलली? तुम्हाला तिथल्या टोळीयुद्धांचा शोध लागला तेव्हा. दीड-दोनशे वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी दोन घराणी, दोन गावं काळ्या काटेरी लाकडाच्या काठ्या घेऊन समोरासमोर यायची आणि डोकी फुटेपर्यंत मारामारी करायची. कशासाठी, ते त्यांनाच आठवत नसे. 'तीन वर्षांवाले' आणि 'चार वर्षांवाले' असे दोन पक्ष होते. का? तर एक बैल तीन वर्षांचा की चार वर्षांचा यावरून म्हणे वाद झाला होता. बैल केव्हाच मेला, पण नातू-पणतू एकमेकांची डोकी फोडत राहिले. बायाही मागे नव्हत्या. त्या पायमोज्यात दगड भरायच्या, तोंडाला गाठ मारायच्या आणि गरगरा फिरवून हाणायच्या. आणि केरी परगण्यात, नदीकाठी, हरलेल्या बाजूचे लोक जीव घेऊन होड्यांत चढले. होड्या बुडाल्या. पोहून काठाला येणाऱ्यांना वरून दगड मारले, हात काठाला लागला की हातावर, डोकं वर आलं की डोक्यावर.

"बाळू," तुम्ही म्हणालात, "नदी, दगड, दोन काठ! अरे, ही आपली आखाजी! ही आपलीच माणसं!"

खरंच, आपल्या लहानपणीपर्यंत आखाजी तशीच होती. बुराईच्या या काठावर आपल्या गावच्या पोरी, त्या काठावर समोरच्या गावच्या. गौराई बोळवायला निघायच्या, गाण्यांतून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि मग दगड. पुरुषांनी तिथे जायचं नाही. सासरहून आलेल्या पोरीही कंबर कसून उतरायच्या, वर्षभराचा सासुरवास त्या दगडांत निघायचा. अक्काच्या भुवईवरचा व्रण त्यातलाच. तुम्ही पाहुण्यांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचात, "दगड लागला, रक्त पुसलं आणि पुन्हा दगड उचलला! तेव्हा ही पंधरा वर्षांची होती!" पाहुणे हसायचे. मीही हसायचो. अक्का उठून आत जायची. ती लाजते असं आपण समजायचो. केवढे बुद्धिमान आपण दोघे, नाही?

आता तो रविवार. दोन वर्षांपूर्वीचा. पमीचा फोन आला, तुम्ही स्पीकर लावलात, मीही इथेच होतो. ती म्हणाली, "नाना, काल बसथांब्यावर काही पोरांनी दगड मारले. 'परत जा' म्हणून ओरडत होते. एक खांद्याला लागला."

तुम्ही फोन जरा जवळ ओढलात. मग हसलात. "अगं, दगड मारणारा दुश्मन नसतो! ती टिपरेरी आहे, तिथे रीतच आहे ती. तुझी आत्या काय फुलं झेलत होती? अंगाला लागलं म्हणजे तू आता गावची झालीस!" आणि मग तो तीन वर्षांचा बैल, त्या काठ्या, ते पायमोज्यातले दगड, सगळं साद्यंत.

मी तरी गप्प बसावं? छे. मी संस्कृतचा मास्तर. मी फोनजवळ तोंड नेऊन म्हणालो, "पमे, पुराणात पुष्पवृष्टी होते, तुमच्याकडे अश्मवृष्टी. देश तसा देव!"

पलीकडून तीही हसली. थोडंसं. मग म्हणाली, "बरं, नाना, ड्युटीची वेळ झाली." त्यानंतर दीड वर्ष प्रत्येक रविवारी तिने एकच सांगितलं, "इकडे सगळं ठीक." आणि आपण दोघांनी ते ऐकून घेतलं. तुम्ही भूगोलाचे, मी भाषेचा. शब्दांत काय नाही हे ओळखायचं काम माझं होतं ना?

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

कार्तिकात तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात होतात. हृदय थकलं होतं. तुम्ही भर दुपारी डोळे मिटून फक्त एवढंच विचारायचात, "पमीचा फोन?" तिच्या ऐवजी मला तिच्यासोबत राहणाऱ्या केरळच्या मुलीचा फोन आला. तुम्ही आजारी पडलात त्याच्या आदल्याच दिवशी पमीवर हल्ला झाला होता. ड्युटी संपवून ती बसमधून उतरली. चौघे मागे आले. सोळा-सतरा वर्षांचे. पहिल्याने केस धरून मागे ओढलं. ती पडली. दुसऱ्याने पोटात लाथा घातल्या. तिसऱ्याच्या हातात लोंबतं काही होतं, ते त्याने फिरवून तिच्या तोंडावर मारलं, मग कानावर, मग पुन्हा तोंडावर. चौथा मोबाइल धरून उभा होता. जबडा दोन ठिकाणी तुटला. दोन दात तिथेच रस्त्यावर राहिले. एका बाईने गाडी थांबवून जोरात हॉर्न धरून ठेवला म्हणून ते पळाले. पमी तिच्याच वॉर्डात, तिनेच सकाळी चादर बदललेल्या खाटेवर पडली. जबडा तारांनी बांधलेला. फोनवर काय बोलणार ती?

आणि इकडे तुम्ही, "पमीचा फोन?"

मी म्हणालो, "नाना, तिकडे फार बर्फ पडलंय. लायनी बंद आहेत. विमानंही."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मी ओळखतो, तीस वर्षं तुम्ही ती पोरांवर वापरलीत. आणि अगदी हळू, पण वर्गात सांगतात तसं म्हणालात, "टिपरेरीत कार्तिकात बर्फ पडत नाही. किनाऱ्याने उष्ण प्रवाह जातो."

बस. पुढे काही विचारलं नाहीत. डोळे मिटलेत. तिसऱ्या दिवशी गेलात.

नाना, तुम्हाला कळलं होतं का? मी खोटं बोलतो आहे एवढंच कळलं, की का बोलतो आहे तेही? त्या तीन दिवसांत तुम्ही एकटेच काय काय रचत पडला होतात? मी इतका शिकलेला माणूस, आणि भूगोलाच्या मास्तरापुढे हवामानाचं खोटं बोललो! दुसरं काही सुचू नये? लोकांना मी सांगितलं, पमीला रजा मिळाली नाही. भावकीत तिच्या नावाने बोटं मोडली गेली. "बापले पानी पाजाले उनी नई," असं लोक माझ्या तोंडावर म्हणाले आणि मी मान खाली घालून ऐकलं. ती मान तिच्यासाठी खाली नव्हती, माझ्यासाठी होती.

परवा ती आली. उंबऱ्यावर अक्काने भाकरतुकडा ओवाळून टाकला. पमी बारीक झाली आहे. जबडा जुळला आहे, पण हसताना तोंड एका बाजूला जातं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. अक्काने डावीकडून दोनदा हाक मारली, हिने पाहिलंच नाही. काल सकाळी सांजोऱ्या करताना अक्काने लाटणं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "कान कशानी गया?"

मग पमीने सगळं सांगितलं. केस, लाथा, दात. मी ते तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, त्याच्या हातात मोजा होता. पायमोजा. आत दगड घातलेला. नानांनी सांगितलं होतं ना, तस्संच. पहिला फटका बसला तेव्हा माझ्या डोक्यात नानांचाच आवाज आला."

मी हातातला झारा परातीत ठेवला. त्या वेळी मला एकही विनोद सुचला नाही.

अक्काच्या हाताला पीठ होतं. त्याच हाताने तिने भुवईवरचा व्रण चोळला. मग म्हणाली, "तिनं नाव कस्तुरा व्हतं."

आम्हाला कळेना, कोणाचं.

"त्या काठवरनी. मनाच वयनी. मना दगड तिना डोयाले लागना. डोया फुटना. मंग दुसराबी गया." मग पोळपाट बाजूला सारत, "तिनं लगीन नई व्हयनं. आंधयी मरनी."

नाना, अक्काच्या दगडाने एक पोरगी आंधळी झाली, आणि पन्नासपेक्षा जास्त वर्षं तुम्हा दोघांनी हे पोटात ठेवलंत! आणि दगड कोणी निवडून दिले होते, तेही अक्काने सांगितलं. तुम्ही तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतात, भूगोल नवा नवा शिकत होतात. आखाजीच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला समजावलंत की नदीतले गोटे घेऊ नको, ते पाण्याने गुळगुळीत झालेले असतात, नुसते घरंगळतात. बांधावरचा काळा पाषाण घे, तो फुटतो तेव्हा धार धरतो. आणि ओटीभर दगड स्वतः निवडून आणून दिलेत. विद्येचा पहिला उपयोग!

अक्काच्या भुवईला लागलेला दगड नंतरचा. कस्तुराच्या बहिणीने मारलेला. तुम्ही पाहुण्यांना गोष्ट तिथून पुढे सांगायचात. त्याच्या आधीचं पान तुम्ही फाडून टाकलं होतंत.

आता मला कळतं, बुराई ओलांडून पाऊलवाटेने समोरचं गाव पंधरा मिनिटांवर असताना तुम्ही आयुष्यभर डांबरी रस्त्याने पाऊण तासाचा वळसा का घातलात. मी तुम्हाला चिडवायचो, "भूगोलाच्या मास्तराला जवळची वाट सापडत नाही!" तुम्ही सायकल पुढे काढायचात. आणि मला हेही कळतं की त्या रविवारी पमीच्या बातमीवर तुम्ही हसलात ते का. दगड म्हणजे खेळ, असं ठरवल्याशिवाय तुम्हाला राहता येत नव्हतं. तुम्ही सगळ्या आयर्लंडचे ठिपके मोजलेत, नाना. स्वतःचा एक तेवढा कुठे दिला नाहीत. रागावतो आहे असं समजू नका. अक्का रागावलेली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "खेयमा मारा तरी दगड तो दगडच रास."

तिने पमीचा चेहरा पिठाच्या हातांनी धरला, आणि पमी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा रडली असावी. मी सांजोऱ्या परतायला घेतल्या आणि चार जाळल्या.

पमी आठ दिवसांनी परत जाणार आहे. हो, तिथेच, टिपरेरीतच. अक्काने विचारलं, "कसाले जास बाई?" तर म्हणाली, "अक्का, तिथे एक आजोबा आहेत." पंच्याऐंशीचे शेतकरी. खुबा मोडून तिच्या वॉर्डात होते, हिने त्यांना उभं केलं. हिच्यावर हल्ला झाल्याचं कळल्यापासून ते रोज संध्याकाळी काळ्या काटेरी लाकडाची काठी घेऊन हिच्या बसथांब्यावर उभे राहतात. "काका, त्यांना धड चालता येत नाही. मीच हात धरून त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडते, आणि ते दारात सांगतात, 'बघ, तुला सुखरूप पोचवलं!'" त्यांचा पणजोबा 'तीन वर्षांवाल्यां'पैकी होता म्हणे. तो बैल तीनच वर्षांचा होता, यावर ते अजून ठाम आहेत.

तुम्ही असतात तर किती खूश झाला असतात! त्यांच्याशी भांडलाही असतात, बैलाच्या बाजूने.

आता माझं वचन. मी नवी पेन्सिल आणली आहे, त्या जुन्या पेन्सिलीसारखीच लाल-निळी. उद्या घागर भरली की पमीला आणि अक्काला घेऊन या भिंतीसमोर येईन. टिपरेरीत, त्या बसथांब्याच्या जागी, पमी स्वतः एक ठिपका देईल. नाही म्हणाली तर नाही. आणि भिंतीच्या रिकाम्या कोपऱ्यात मी बुराई काढीन. तुमच्या पेन्सिलीची निळी बाजू शाबूत आहे ना, तिनेच काढीन. दोन काठ काढीन. त्या काठावर अक्काच्या हाताने एक लाल ठिपका, आणि खाली नाव, कस्तुरा. मग पाऊलवाटेने नदी ओलांडून त्या गावी जाऊ, घागरीतलं पाणी घेऊन. तिच्या नावाने घागर कोणी भरतं की नाही, कोणास ठाऊक. अक्का येते म्हणाली. तुम्ही पाणी पिऊन झाल्यावर आमच्यासोबत या, वळसा न घालता.

आणि रविवारी फोन आला की मी गप्प बसेन. एकही श्लोक नाही, एकही विनोद नाही. शपथ, तुमच्या अर्ध्या पेन्सिलीची.

पण खरी काळजी सांगून टाकतो, नाहीतर हे पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही. ते चौघे, किंवा दुसरे चौघे, तिला पुन्हा गाठतील ही भीती आहे, ती तुम्हालाही असेल. मला त्याहून जास्त भीती रविवारची वाटते. ती मार खाईल, आणि फोनवर "इकडे सगळं ठीक" म्हणेल, कारण मी एकदा हसलो होतो. आणि मी तिच्यावर विश्वास ठेवीन, कारण मला ते सोपं जाईल.

तुमचा धाकटा,
बाळू